विजयादेवी दख्खनच्या वाटेवर

पैठण आणि तेर ही दोन गावे नकाशावर सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा बीड जिल्ह्यातून जाते आणि तिचा मध्य बीड शहराच्या अगदी जवळ पडतो. अंतर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर. इ.स. पहिल्या शतकात ग्रीकमध्ये लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी माहितीपुस्तकात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असा हिशेब दिला आहे. हे तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले आणि ते आज सर्वमान्य आहे. दहा दिवसांत दीडशे किलोमीटर ही बैलगाडीचीच चाल झाली. तेरचे जाडेभरडे कापड आणि मलमल, पैठणचे अकीक असा माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे. तेरहून निघालेली गाडी बालाघाटाच्या रांगा ओलांडून गोदावरीकडे उतरताना आजच्या बीड जिल्ह्याची माती तुडवल्याशिवाय पैठणला पोहोचूच शकत नव्हती.

या मालाच्या बदल्यात जे येत होते त्यात मद्य होते, तांबे-कथील होते, पोवळे होते आणि सोन्यारुप्याची रोमन नाणीही होती. त्या सोन्यावर एका बाजूला सम्राटाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला अनेकदा पंख असलेली एक बाई असे: एका हातात लॉरेलच्या पानांचा हार, दुसऱ्या हातात खजुरीची फांदी. ही व्हिक्टोरिया, रोमची विजयादेवी. तिच्याबद्दल युरोपात भरपूर लिहिले गेले आहे. आपल्या दृष्टीने प्रश्न वेगळा आहे. ही देवी दख्खनमध्ये आली तेव्हा तिचा निरोप इथे कोणी वाचला का? आणि इथल्या राजांना स्वतःचा विजय सांगायचा होता तेव्हा त्यांनी तो नाण्यावर सांगितला की आणखी कुठे?

पगारातून मिळणारी देवता

व्हिक्टोरिया मुळात ग्रीकांची नायकी. रोमन नाण्यांवर ती ऑगस्टसच्या आधीपासून आहे, पण तिला राज्याची अधिकृत खूण बनवले ते ऑगस्टसनेच. इ.स.पू. ३१ मध्ये अ‍ॅक्टियमच्या आरमारी लढाईत त्याने अँटनी आणि क्लिओपात्राचा पराभव केला आणि इ.स.पू. २९ मध्ये रोमच्या सेनेटच्या सभागृहात विजयादेवीची मूर्ती बसवली. त्याच सुमारास ती त्याच्या नाण्यांवर पृथ्वीच्या गोलावर पाय टेकवून उभी राहिली. आधीचे विजय कोणा ना कोणा सेनापतीचे असत. गोलावर उभी असलेली देवी मात्र जगाच्या मालकाची होती.

ऑगस्टसच्या सोन्याच्या नाण्याचे, म्हणजे ऑरियसचे, वजन आठ ग्रॅमच्या जरासे खाली होते. एका ऑरियसला चांदीचे पंचवीस दिनार. पायदळातल्या शिपायाचा वर्षाचा पगार २२५ दिनार, म्हणजे नऊ ऑरियस, आणि तो तीन हप्त्यांत मिळे. हप्त्याला तीन सोन्याची नाणी, असा सोपा हिशेब होता. विजयाच्या चित्रांचा पहिला वाचक कोण, हे या हिशेबातून कळते. ज्याने लढाई केली त्याच्याच हातात लढाईची बातमी पगार म्हणून पडत होती.

ही बातमी नेहमी खरी असेच असे नाही. इ.स.पू. २० मध्ये आर्मेनिया रोमच्या कह्यात आला तो फारशी लढाई न होता, वाटाघाटीतून. पण नाण्यावर ‘आर्मेनिया जिंकला’ अशी अक्षरे आली आणि विजयादेवी बैलाच्या पाठीवर गुडघा टेकवून त्याचा गळा कापताना दिसली. क्लॉडियसने इ.स. ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी केली आणि ४६ पासून त्याच्या सोन्याच्या नाण्यावर विजयकमान झळकू लागली. रोममधली खरी कमान पुढे ५१-५२ च्या सुमारास अर्पण झाली. दगड चढण्याआधी कमान शिपायांच्या खिशात पोहोचली होती. जेरुसलेम पडल्यावर व्हेस्पेशियनच्या नाण्यांवर विजयस्तंभाखाली शोक करत बसलेली स्त्री आली. हा विजयस्तंभ म्हणजे हरलेल्या शत्रूची ढाल, चिलखत, शिरस्त्राण टांगलेला खांब. ट्रेजनने डेशिया आणि पार्थिया जिंकल्याचे, सेप्टिमियस सेवेरसने इ.स. १९८ च्या सुमारास पार्थियनांना हरवल्याचे, अशा बातम्या दीड-दोन शतके या सोन्यावरून निघत राहिल्या.

ख्रिस्ती धर्म आल्यावरही विजयादेवी लगेच गेली नाही, हे विशेष. सेनेटमधली विजयादेवीची वेदी चौथ्या शतकात वादात सापडली आणि ३८२ मध्ये ग्रेशियनने ती हलवली. नाण्यावरून मात्र तिला काढायची हिंमत कोणाला झाली नाही. कॉन्स्टंटाइनने ऑरियसच्या जागी साडेचार ग्रॅमचा सॉलिडस आणला, त्यावर ती होतीच. थिओडोसियस दुसरा याच्या काळात तिच्या हातात लांब दांड्याचा क्रूस दिला गेला. सहाव्या शतकात जस्टिन पहिला याच्या नाण्यावर तिचा पुरुषवेषातला देवदूत झाला. पंख तेवढे राहिले.

दख्खनला पोहोचलेले सोने

हिंदुस्थानचा व्यापार वर्षाला पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक थोरल्या प्लिनीने इ.स. ७७ च्या सुमारास नोंदवली. या आकड्यात अतिशयोक्ती किती, यावर वाद आहे, पण सोने येत होते यात शंका नाही. ते कुठे सापडते, हा खरा विचार करण्याचा भाग आहे. पहिल्या शतकातल्या रोमन सोन्याचे मोठे निधी तमिळनाडू आणि केरळात निघाले: १८४७ मध्ये कण्णूरजवळच्या कोट्टयमला आणि १८९८ मध्ये पुदुकोट्टईला. महाराष्ट्रात या काळातले सोने फारच तुरळक आहे. आपल्याकडे सापडलेले सोने बहुतांशी पुढच्या काळातले, दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून सेवेरसच्या घराण्यापर्यंतचे. सोलापूर जिल्ह्यातल्या दारफळला एकोणिसाव्या शतकात सापडलेला निधी याच जातीचा.

महाराष्ट्रात लवकरचे सोने कमी का, याचे एक उत्तर पेरिप्लसमध्येच मिळते. भडोचला रोमन सोन्याची आणि चांदीची नाणी नेली तर स्थानिक चलनाशी अदलाबदल करताना काही फायदा होतो, असे त्याचा कर्ता सांगतो. म्हणजे बंदरातच सराफ बसलेला होता. तिथे नाणे मोडले जाई आणि पुढे आत जाणारा पैसा तिथे राज्य करणाऱ्या क्षत्रपांच्या चांदीत असे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेण्यातल्या लेखात हा हिशेब दगडावरच कोरलेला आहे: सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण. हा ‘सुवर्ण’ म्हणजे रोमन मोहर की कुषाणांची मोहर, यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. पण सोन्याचा भाव बांधलेला होता आणि तो लेण्यात येणाऱ्या कोणालाही वाचता येत होता, एवढे त्यातून नक्की कळते. विजयादेवीचा उल्लेख मात्र त्यात कुठे नाही. सराफाला तिच्याशी कर्तव्य नव्हते, वजनाशी होते.

छिन्नीचा घाव आणि दोन भोके

पुदुकोट्टईच्या निधीत ५०१ सुवर्णनाणी होती, ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतच्या सम्राटांची. त्यातल्या बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या मुखवट्यावर छिन्नीचा एक खोल, आडवा घाव आहे. घाव ओझरता नाही. छिन्नी नेमकी डोक्यावर ठेवून हाणलेली दिसते आणि उलट्या बाजूची देवी त्या मानाने बचावलेली असते.

या घावाचे अर्थ तीन प्रकारे लावले गेले. सोने आतून खरे आहे का, हे पाहण्यासाठी कापले, हा पहिला. पण कस पाहायचा तर कडेला घासणे पुरेसे असते, प्रत्येक नाण्यावर तोंडावरच घाव घालायचे कारण नाही. राजाची प्रतिमा नको म्हणून कापले, हा दुसरा. पण मग सोबतची देवी का सोडली? नाणे चलनातून बाद केले, यापुढे हे फक्त धातू म्हणून चालेल अशी खूण केली, हा तिसरा. तिन्हींत हा तिसरा अर्थ जास्त पटतो. कारण त्यात सम्राटाचे तोंड हेच नाण्याला नाणे बनवते, हे कापणाऱ्याला पुरते माहीत होते. त्याला चित्राशी भांडण नव्हते, चित्राच्या अधिकाराशी होते. विजयादेवी त्याच्या दृष्टीने अधिकारात मोडतच नव्हती, म्हणून ती वाचली.

दख्खनमध्ये वेगळी सवय दिसते: घावाऐवजी भोके. सम्राटाच्या डोक्याच्या वर, कडेजवळ दोन बारीक भोके पाडून नाणे माळेत ओवले जाई. हावेरी जिल्ह्यातल्या अक्की आळूरला सापडलेल्या निधीत थिओडोसियस दुसरा ते जस्टिन पहिला या काळातले सॉलिडस आहेत आणि त्यांतल्या कित्येकांना अशी भोके आहेत. म्हणजे हातात क्रूस घेतलेली विजयादेवी आणि तिच्या जागी आलेला देवदूत, दोघेही कानडी मुलुखात गळ्यात रुळले. भोके मुखवट्याच्या वर पडली आहेत, याचा अर्थ माळेत सम्राटाचे तोंड सरळ राहावे अशी काळजी घेतली होती. देवी उरावर टेकलेल्या बाजूला राहिली.

हेच पुढे हजार वर्षांनी पुन्हा घडले. व्हेनिसचा सोन्याचा डुकाट १२८४ पासून निघाला. त्याच्या एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राजप्रमुख, दुसऱ्या बाजूला अंडाकृती प्रभावळीत येशू. हे सोने शुद्ध असल्याने भारतभर मागणीत राहिले आणि आपल्याकडे त्याची पुतळी झाली. पुतळ्यांच्या माळेतल्या आकृतींमध्ये लोकांनी राम-सीता पाहिले, सोनारांनी नक्कल करताना लक्ष्मीही घडवली. घाटावरच्या घरांत आजही पुतळ्यांची माळ लग्नात बाहेर निघते. सोने बाहेरचे, चित्र बाहेरचे, अर्थ मात्र घरचा, ही रीत सातवाहनांच्या काळापासून चालत आलेली आहे.

तेरलाच या रीतीचा आणखी एक पुरावा मिळाला आहे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात मातीची लहान पदके आहेत, रोमन नाण्यांच्या छापावरून घडवलेली. तेलंगणातल्या कोंडापूरलाही अशीच सापडली. ज्याला सोने परवडत नव्हते त्याने रोमन नाण्याचा थाट मातीत घेतला. उलट्या दिशेचा प्रवासही तेरला ठाऊक आहे. तिथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे जवळचे भावंड १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या राखेतून निघाले, म्हणजे इ.स. ७९ पूर्वी कोणा रोमनाच्या घरात शोभेला उभे होते. त्या घरातल्या माणसाला त्या मूर्तीचा इथला अर्थ जेवढा ठाऊक असेल, तेवढाच इथल्या सोनाराला व्हिक्टोरियाचा.

जोगळटेंभीचा ठसा

यावरून दख्खनला नाण्याची भाषाच कळत नव्हती, असे कोणी म्हणेल तर ते साफ चूक ठरेल. त्याचा सज्जड पुरावा नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यात, जोगळटेंभीला आहे. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड निधी सापडला. एच. आर. स्कॉट यांनी तो तपासला तेव्हा संख्या १३,२५० च्या घरात भरली. सगळी नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यातल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता.

असे एक नाणे नीट पाहावे. आकाराने नखाएवढे, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. मूळ नाण्यावर एका बाजूला नहपानाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठीत त्याचे नाव. त्यावर सातवाहनांनी एका अंगाला तीन कमानींचा डोंगर ठोकला, खाली नागमोडी रेघ, भोवती गौतमीपुत्राचे नाव; दुसऱ्या अंगाला चार गोलांचे उज्जैन चिन्ह. बऱ्याच नाण्यांवर डोंगराच्या कमानीखालून नहपानाचे नाक किंवा हनुवटी अजून डोकावते, ब्राह्मीतले त्याचे एखादे अक्षरही शिल्लक असते. ठसा इतका हलका की जुने पुसले जाऊ नये, आणि इतका ठळक की मालक कोण हे विचारावे लागू नये.

चांदी वितळवून नवी नाणी पाडता आली असती. तसे केले नाही, त्यात खर्चाचा हिशेब असेलच. पण परिणाम मोठा झाला. प्रत्येक नाण्यावर हरलेला आणि जिंकलेला एकत्र दिसू लागले, तेही जिंकलेला वर. रोमनांना हे सांगायला खांबाला टांगलेली चिलखते आणि त्याखाली बसवलेले कैदी कोरावे लागत. गौतमीपुत्राने शत्रूच्याच नाण्याला विजयस्तंभ केले. निधीतली जवळपास चार हजार नाणी ठशाविना राहिली, म्हणजे नवी-जुनी एकाच थैलीत चालत होती. नहपानाची चांदी वापरणाऱ्या शेतकऱ्या-व्यापाऱ्याचे नुकसान न करता राज्य बदलल्याची बातमी त्याच्या हातात गेली.

पुढच्या सातवाहनांनी, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांनी, चांदीवर स्वतःचे मुखवटेही आणले. पश्चिमेकडून काय घ्यायचे याची निवड इथे स्पष्ट दिसते. मुखवटा घेतला, उलट्या बाजूला मात्र डोंगर आणि उज्जैन चिन्हच ठेवले. वायव्येकडे तसे झाले नाही. मिनँडरसारख्या यवन राजांच्या नाण्यांवर नायकी आहे, गोंडोफरिसच्या नाण्यांवर आहे, आणि कुषाण हुविष्काच्या सोन्यावर ‘ओअनिंदो’ नावाने पंख असलेली विजयदेवता हार घेऊन उभी आहे. मिनँडरची जुनी नाणी भडोचच्या बाजारात चालत असल्याचे पेरिप्लसच सांगतो. म्हणजे पंखांची देवी सातवाहनांच्या उंबरठ्यापर्यंत दोन वाटांनी आली होती. त्यांनी तिला आत घेतले नाही.

दगडावरचा विजय

कारण विजय सांगायची इथली जागा ठरलेली होती: दगड. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचे, गौतमीपुत्राचे, वर्णन कोरवले आहे: शक, यवन, पह्लवांचे निर्दालन करणारा, क्षहरात वंश निःशेष करणारा, सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित करणारा. हे लिहिले गेले तेव्हा नातू पुळुमावीचे एकोणिसावे राज्यवर्ष चालू होते. त्याच डोंगरावर गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाचा हुकूम आहे, विजयी सेनेच्या तळावरून सुटलेला. त्यात पूर्वी उषवदाताकडे असलेले शेत भिक्षूंना दिले आहे. विजयाची नोंद आणि जमिनीचा फेरफार एकाच दगडावर.

हीच रीत बीड जिल्ह्यात हजार वर्षांनंतर दिसते. देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर हा अंबाजोगाईचा कर्ता माणूस. तिथल्या संस्कृत शिलालेखांत त्याच्या मोहिमांची यादी आहे. शके ११६२, म्हणजे इ.स. १२४० च्या लेखात त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडल्याची कथा येते, आणि रामाची बहीण लक्ष्मी हिने त्याच्या स्मरणार्थ देऊळ बांधले. विजय, मरण आणि बहिणीचे दुःख हे सगळे एका शिळेवर आहे. त्याच सिंघणाचे सोन्याचे नाणे, पद्मटंक, हातात घेतले तर त्यावर मधोमध कमळ, राजाचे नाव आणि काही मंगलचिन्हे आहेत. गुजरातच्या स्वारीचा मागमूस नाही. १६७४ नंतरचा शिवरायांचा होनही असाच: एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ना लढाई, ना कैदी, ना पंखांची देवी. उत्तरेत समुद्रगुप्ताने अश्वमेधाचा घोडा आणि वाघाची शिकार सोन्यावर आणली. दख्खनच्या सोन्याने मात्र ‘हे कोणाचे’ एवढेच सांगितले, ‘कोणाला हरवून’ हे शिळेवर सोडले. जोगळटेंभीचा ठसा हा या परंपरेतला मोठा अपवाद आहे, आणि तो सोन्यावर नसून रोजच्या चांदीवर आहे, हेही लक्षात घेण्यासारखे.

नोंद कशाची व्हावी

या सगळ्या चित्रात बीड जिल्ह्याची जागा मधली आहे, पण छापील याद्यांमध्ये तो फारसा दिसत नाही. त्यामागे इतिहास जितका आहे तितकाच कारभारही. मुंबई इलाख्यात १८७८ चा निखात निधी कायदा लागू होता. दहा रुपयांवरच्या किमतीचा निधी सापडला तर कलेक्टरला कळवणे बंधनकारक झाले. शोधाची बातमी नाणकशास्त्राच्या नियतकालिकांपर्यंत जाण्याची वाट त्यामुळे तयार झाली. बीड, धाराशिव, औरंगाबाद हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथे पुरातत्त्व खातेच १९१४ मध्ये उभे राहिले. नकाशावर नाणी दिसतात तिथे ती खरोखर जास्त होती, की कळवणारा कारकून होता, हे प्रत्येक वेळी तपासून घ्यावे लागते.

शेतात नांगराला किंवा पायाच्या खोदाईत सोने लागले की ते सोनाराकडे जाते, ही जुनी गोष्ट. मुशीत गेल्यावर वजन उरते आणि बाकी सगळे जाते. या प्रश्नात मात्र ‘बाकी सगळे’ हाच पुरावा आहे. रोमची नाणी रोममध्ये लाखोंनी पडली, तिथल्या टाकसाळीचे अभ्यासक विजयादेवीची प्रत्येक छबी ओळखतात. त्यांना ठाऊक नसलेली माहिती ते नाणे दख्खनमध्ये आल्यावर त्यावर उमटली: घाव कुठे बसला, भोक कोणत्या बाजूने पाडले, देवी वर राहिली की खाली, कडा किती झिजली, सोबत कोणाची चांदी होती. त्यामुळे आपल्याकडच्या संग्रहालयांनी ‘सेवेरस, सुवर्ण, उत्तम स्थिती’ एवढ्या ओळीवर थांबू नये. नाणे कोणत्या शिवारात सापडले, त्याला घाव किंवा भोक आहे का आणि कुठे, ही माहिती सम्राटाच्या नावाआधी लिहावी. रोमन सोन्याचा इथला इतिहास रोमनांनी मारलेल्या छापात थोडा आहे. जास्त आहे तो इथल्या हातांनी त्या छापावर केलेल्या खुणांमध्ये.